माणूस वयानुसार कसा बदलतो, हे शोधायचं कसं?

सावनी_के (धागाकर्ती)

मागे इथेच ‘चाळिशीनंतर मेंदू गंजतो का’ यावर बरीच जुंपली होती. दोन्हीकडून लिंकांचा मारा झाला, पण त्या लिंकांमधले आकडे येतात कुठून हे कुणीच विचारलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

मी एका तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या मुलांना विकासात्मक मानसशास्त्र शिकवते. पुस्तकातलं दुसरं प्रकरण संशोधनपद्धतींचं असतं. मुलं ते गाळून थेट पियाजेवर (मुलांच्या विचारशक्तीचे टप्पे मांडणारा स्विस मानसशास्त्रज्ञ) उडी मारतात. टिपा लिहा म्हणून आलं तर असावं, एवढ्यापुरतं पाठ करतात. माझ्या मते या विषयातली खरी गंमत त्याच प्रकरणात आहे.

वयाचा अभ्यास करायचा सोपा मार्ग असा: एकाच वर्षी विशीतले, चाळिशीतले, सत्तरीतले लोक गोळा करायचे आणि सगळ्यांना तीच चाचणी द्यायची. हे एका महिन्यात उरकतं. या पद्धतीने बुद्धीचा आलेख काढला की तो तिशीपासूनच उतरणीला लागलेला दिसतो. ‘मेंदू गंजतो’वाल्यांचे बरेच आकडे असेच आलेले असतात.

वॉर्नर शाय नावाच्या संशोधकाने १९५६ साली अमेरिकेत सिएटलला पीएच.डी.साठी हेच केलं. विशीपासून सत्तरीपर्यंतची ५०० माणसं घेतली आणि चाचण्या दिल्या. आलेख अपेक्षेप्रमाणे घसरला. पण हा गडी तिथे थांबला नाही. सात वर्षांनी त्याच माणसांना परत गाठलं, मग दर सात वर्षांनी. प्रत्येक फेरीत नवी माणसंही घेतली. आणि चित्र पालटलं. त्याच माणसांच्या मागे राहिलं तर शब्दसंपत्ती आणि तर्क या गोष्टी मध्यमवयापर्यंत टिकतात, काही तर वाढतात. ठळक उतार सरासरीने साठीनंतर लागतो. अपवाद वेगाचा, झटपट ओळखण्या-जुळवण्याची कामं तरुणपणापासूनच मंदावतात.

मग पहिल्या आलेखातली घसरण कसली? ती पिढ्यांची. १९५६ साली सत्तरीचा असलेला माणूस १८८६च्या आसपास जन्मलेला. त्याची शाळा वेगळी, खाणं वेगळं, आजारपणं वेगळी. माझी आजी चौथी शिकली, मी एम.ए. आज दोघींना एकच प्रश्नपत्रिका दिली आणि तिला कमी गुण पडले, तर त्यातले वयाचे किती आणि चौथीत सुटलेल्या शाळेचे किती, हे त्या एका दिवसात कुणालाही सांगता येणार नाही.

तेव्हा ‘अमुक वयात असं होतं’ असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो: तीच माणसं होती की वेगवेगळी?

---

वाखूसम्राट

वाखू (वाचनखूण) साठवली. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

आकडेमोड

लेख आवडला, पण एक हरकत नोंदवतो. विम्यात आयुष्य गेलं, त्यामुळे माणसं यादीतून कशी गळतात हे चांगलं ठाऊक आहे.

सात वर्षांनी परत चाचणीला येतो कोण? जो जिवंत आहे, हातीपायी धड आहे, आणि ज्याला मागच्या वेळी बरे गुण पडले होते. ज्याची स्मृती ढासळली तो येतच नाही. म्हणजे तुमच्या यादीत हळूहळू टणक माणसंच उरतात आणि आलेख सपाट दिसतो. शिवाय तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की थोडे गुण सरावानेच वाढतात. पहिली पद्धत घसरण फुगवते हे मान्य, पण दुसरी ती लपवते हेही लिहा की.

---

सावनी_के

@आकडेमोड, अगदी नेमकं बोट ठेवलंत. टिमथी सॉल्टहाउस नावाचे संशोधक वर्षानुवर्षं हेच म्हणत आलेत, आणि त्यांच्या मते काही क्षमतांची घसरण तरुणपणीच सुरू होते. हा वाद मिटलेला नाही.

शायने दर फेरीला नवी माणसं घेतली ती यासाठीच. त्याच सालात जन्मलेली, पण पहिल्यांदाच चाचणी देणारी माणसं जुन्यांच्या शेजारी ठेवली की सरावाचा आणि गळतीचा अंदाज बांधता येतो. पूर्ण सुटका नाही, अंदाजच.

गळतीवरचा सगळ्यात जबर इलाज मात्र न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला केला गेला. एप्रिल १९७२ ते मार्च १९७३ या काळात तिथल्या एका प्रसूतिगृहात जन्मलेली १०३७ मुलं त्या अभ्यासात आहेत. तिसऱ्या वर्षापासून त्यांच्यामागे लागलेत. माणूस जगात कुठेही स्थायिक झालेला असो, तपासणीसाठी त्याला विमानाने ड्युनेडिनला आणतात. काही जण तुरुंगात होते, त्यांनाही सोडलं नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के हजर! आमच्या वर्गाची हजेरी तासाला याच्या निम्मी असते.

आणि आल्याचं चीज होतं. अडतिसाव्या वर्षी रक्तदाब, फुप्फुसं, मूत्रपिंड, हिरड्या असं सगळं मोजून शरीराचं वय काढलं, तेव्हा जन्मतारखेने ३८ असलेली माणसं शरीराने २८पासून ६१पर्यंत पसरलेली निघाली. टेरी मॉफिट यांनी १९९३ साली मांडलेला एक फरकही याच मुलांवरून आला. बेशिस्त वागणारी काही मुलं तिसऱ्या वर्षापासून तशीच असतात आणि पुढेही राहतात. बरीचशी मात्र फक्त वयात येताना बिघडतात आणि मग सरळ होतात. सोळाव्या वर्षी दोघं एकाच कट्ट्यावर बसलेले, वागणंही एकसारखं. कोण कुठल्या प्रकारातला, हे त्या दिवशी बघून कळत नाही. तिसऱ्या वर्षाची नोंद हाताशी असली तरच कळतं.

---

नाना_कोडेवाले

सेवानिवृत्त. रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं आणि सुडोकू, दोन्ही पेनाने. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात जे कोडी सोडवतात ते सगळे तल्लख आहेत, आणि जे फक्त बातम्यांच्या चॅनेलसमोर बसतात त्यांचं सांगायला नको. यासाठी ४० वर्षांचा अभ्यास कशाला हवा? डोळ्यांना दिसतंय ना!

---

सावनी_के

नाना, कोडी सोडू नका. पण हा किस्सा ऐका.

१ जून १९३२ या दिवशी स्कॉटलंडने एक अचाट काम केलं. १९२१ साली जन्मलेली, त्या दिवशी शाळेत हजर असलेली जवळपास सगळी मुलं बसवली, एकूण ८७,४९८, आणि सगळ्यांची एकच बुद्धिचाचणी घेतली. वेळ ४५ मिनिटं. गुण वह्यांमध्ये उतरवले गेले आणि त्या वह्या विस्मृतीत गेल्या. १९९०च्या दशकात लॉरेन्स व्हॅली आणि इयन डिअरी या दोघांच्या हाती ते घबाड लागलं. त्यांनी अ‍ॅबर्डीनमधली हयात माणसं शोधली आणि १ जून १९९८ रोजी तीच चाचणी परत घेतली, तशाच सूचना, तितकाच वेळ. अकरा वर्षांची मुलं आता सत्त्याहत्तरीची. अकराव्या वर्षी जे पुढे होते ते बहुतांशी अजूनही पुढे होते. असे अभ्यास पुढेही झाले. त्यांचा ढोबळ निष्कर्ष असा की म्हातारपणी माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला जवळपास निम्मा अकराव्या वर्षीच्या गुणांशी जोडलेला असतो.

आता तुमच्या संघाकडे वळू. कोडी सोडवणारे तल्लख दिसतात हे खरं. पण ते अकराव्या वर्षीही तल्लखच असतील आणि म्हणूनच कोड्यांकडे वळले असतील तर? १९३६ साली जन्मलेल्या अ‍ॅबर्डीनकरांवर नेमकं हेच तपासून पाहिलं. आयुष्यभर डोक्याला खाद्य देणारे लोक वरच्या पायरीवरून उतरायला लागतात, पण उतरण्याचा वेग इतरांइतकाच. कॉफी पिणाऱ्यांच्या हुशारीचंही तसंच झालं. लहानपणीचे गुण हिशेबात धरले आणि कॉफीचं बरंचसं श्रेय उडालं.

---

नाना_कोडेवाले

म्हणजे वरच्या पायरीवर आहे ना? झालं तर मग. उतरेन सावकाश. (आजचं उभं सात अडलंय, तो भाग वेगळा.)

---

पूर्वपक्ष

हे सगळं पाश्चात्त्यांना आत्ता सुचलंय. आपल्याकडे ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास हा आयुष्यभराचा मानसिक विकास हजारो वर्षांपूर्वी मांडून ठेवलाय. मानसशास्त्रज्ञ एरिक्सनने आयुष्याच्या आठ अवस्था सांगितल्या, आपण चार. फरक काय?

---

सावनी_के

फरक असा की आश्रमव्यवस्था माणसाने कसं जगावं ते सांगते. तो दंडक आहे, आणि तोही सगळ्या जातींना आणि बायकांना खुला नव्हता. एरिक्सनचा दावा होता की माणसं खरोखर अशी जगतात. पण गंमत म्हणजे, त्यानेही हजार माणसं जन्मापासून म्हातारपणापर्यंत पाहून अवस्था काढल्या नव्हत्या. दवाखान्यात आलेली मुलं, थोडा मानववंशशास्त्राचा अनुभव, थोरामोठ्यांची चरित्रं आणि एक तल्लख लेखणी यांतून त्या आल्या. एरिक्सन इकडेही फिरकला होता. अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या १९१८च्या संपाच्या अनुषंगाने गांधीजींवर त्याने मोठं पुस्तक लिहिलं, त्यात मध्यमवयाची अवस्था गांधीजींमध्ये शोधली. वाचायला बहारदार आहे. पण एका माणसावरून अवस्था सिद्ध होत नाही.

तेव्हा या बाबतीत आपण आणि एरिक्सन एकाच बाकावर.

---

काळी_माती

वाचतोय. एक विचारायचं होतं. माणूस बदलतो तो वयामुळे की काळामुळे? बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो, गाव मराठवाड्यात. शाळा सुटल्यात जमा होती. वडील-आई दुष्काळी कामावर खडी फोडायला, मी मुकादमाची नजर चुकवून आईच्या ढिगात भर घालायचो. घरी मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) लाल भाकर, ती घशाखाली उतरायची नाही. सुकडी मिळायची त्या दिवशी चंगळ. धाकटी बहीण तेव्हा दोन वर्षांची.

आज मी कुठल्याच गोष्टीला घाबरत नाही, धंद्यात दोनदा बुडालो, परत उभा राहिलो. बहीण मात्र फार जपून, फार भित्री. घर तेच, आईबाप तेच. याचं तुमच्या शास्त्रात काही आहे का?

---

सावनी_के

आहे, आणि तुमच्या प्रश्नाच्या फार जवळ जाणारं आहे.

कॅलिफोर्नियात दोन जुने अभ्यास चालू होते. एकातली मुलं १९२०-२१च्या सुमाराला जन्मलेली, दुसऱ्यातली १९२८-२९ची. १९२९ नंतर महामंदी आली आणि दोन्हीकडच्या कित्येक घरांतली मिळकत कोसळली. १९६०च्या दशकात ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने त्या फायली उघडल्या. थोरली मुलं मंदीत दहा-बारा वर्षांची होती. पोरं छोटी-मोठी कामं करून चार पैसे आणत होती, पोरी घर सांभाळत होत्या. घराला आपली गरज आहे हे त्यांना कळत होतं, आणि एकूणात ती पुढे बरीच खंबीर निघाली. धाकट्यांच्या वाट्याला मात्र आईबापांची ओढाताण आणि चिडचिड तेवढी आली, करण्यासारखं काही नव्हतं. त्यांतल्या मुलग्यांना जास्त फटका बसला. वयात येताना ते बुजरे आणि निराश दिसत होते, पुढे सैन्यात गेल्यावर त्यांतले बरेच सावरले. संकट एकच, पण ते कितव्या वर्षी गाठतं यावर बरंच ठरतं.

पण एक सांगते, राग मानू नका. तुमची आठवण शास्त्राला पुरावा म्हणून चालत नाही. १९६२ साली अमेरिकेत चौदा वर्षांच्या मुलांना घर, अभ्यास, धर्म, शिक्षा यांबद्दल प्रश्न विचारले होते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनाच विचारलं, तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलं होतं? छापा-काटा करून जेवढं बरोबर येईल तेवढंच बरोबर आलं. आपण आजच्या माणसाला शोभेलसं लहानपण रचत असतो.

---

काळी_माती

राग नाही ताई. पण तुमच्या त्या कॅलिफोर्नियात वही घेऊन कुणीतरी आधीपासून बसलेलं होतं. आमच्या ढिगावर मुकादमाशिवाय वही घेऊन कुणी आलं नाही. मग आठवणीशिवाय आमच्याकडे दुसरं काय असणार?

---

सावनी_के

हे बिनतोड आहे. काय लिहावं सुचत नाहीये.

---

पाणंद

अगदीच कुणी आलं नाही असं नाही, फक्त उशिरा आलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. मूल जन्मल्यावर नव्हे, आई गरोदर राहण्याच्याही आधीपासून मोजमाप. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी तेवढी घटलेली नव्हती. दिसायला रोड, आतून चरबीवाली. मधुमेहाचं मूळ तिथपर्यंत जातं ही त्यांची मांडणी.

मानसशास्त्राशी संबंध असा की गरोदरपणी आईला बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं त्या मुलांना नवव्या वर्षी लक्ष टिकवण्याच्या आणि आकडे लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत कमी गुण पडले. ती मुलं आता कर्ती झालीत, आणि त्यांच्या मुलांपर्यंत अभ्यास पोचलाय.

मी स्वतः एका वेगळ्याच आरोग्य सर्वेक्षणात काही वर्षं गावोगाव फिरलेय, त्यामुळे ड्युनेडिनचे ९४ टक्के वाचून घाम फुटला. आपल्याकडे मुलगी यादीतून गळते ती लग्नात. आडनाव बदलतं, काही घरांत नावही बदलतं. आईला विचारलं की ती म्हणणार, “दिली की तिकडं कर्जतला.” कर्जत नगरचं की रायगडचं, हे आपण शोधायचं. ऊसतोडीची घरं दिवाळीच्या सुमाराला कुलूप लावून जातात ती उन्हाळ्यातच उगवतात. विमानाचं तिकीट राहू दे, एसटीचं भाडं मंजूर करून घ्यायला तीन सह्या लागायच्या. शेवटी उपयोगी पडायच्या अंगणवाडी ताई आणि गावातली बांगडीवाली. कोण कुठे नांदतेय ते त्या दोघींना तोंडपाठ.

---

पुरणपोळी_संघटना

सिरियस चर्चेत थोडं अवांतर. वय वाढलं की सगळं उतरतंच का, यावर आमच्या सासूबाईंचं उदाहरण. वय ८१. पूर्वी होळीला पन्नास पोळ्या एकटीने लाटायच्या. आता लाटणं सुनेकडे, तवा नातवाकडे. पुरणाला मात्र कुणी हात लावायचा नाही. गूळ ठरलेल्या पितळी वाटीनेच मोजणार, आणि मोजताना टीव्ही बंद, फोन बंद, कुणी बोलायचं नाही. चव तीच. उलट यंदा जायफळ जास्त नेमकं पडलं होतं.

---

सावनी_के

@पुरणपोळी_संघटना, हे अवांतर नाही हो, हे तर पाठ्यपुस्तकात घालायला हवं! पॉल बाल्टेस हा जर्मन मानसशास्त्रज्ञ पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनचा दाखला द्यायचा. ऐंशीच्या घरात तो इतकं चांगलं कसं वाजवतो असं विचारल्यावर त्याने तीन गोष्टी सांगितल्या. मोजक्याच रचना वाजवतो, त्यांचा रियाज जास्त करतो, आणि जलद भाग येण्याआधी मुद्दाम लय थोडी उतरवतो, म्हणजे पुढचा भाग आहे त्यापेक्षा वेगवान भासतो. निवड, मेहनत आणि भरपाई. तुमच्या सासूबाईंनी लाटणं सोडलं ही निवड, पुरणावर सगळा जीव ओतला ती मेहनत, ठरलेली वाटी आणि बंद टीव्ही ही भरपाई. बाल्टेसचं म्हणणं असं की विकास म्हणजे नुसती चढण नव्हे, प्रत्येक वयात काही मिळतं आणि काही जातं. म्हातारपणी जाण्याचं पारडं जड होतं, पण दुसरंही रिकामं होत नाही.

---

रिटायर्ड_हेडमास्तर

उत्तम चर्चा. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात गेली म्हणून लिहितो. स्कॉटलंडच्या वह्या वाचून वाटलं, आपल्या शाळांत जनरल रजिस्टरं आहेत, शंभर-शंभर वर्षांची. दाखल दिनांक, इयत्ता, शाळा सोडल्याचं कारण, सगळं आहे. गुण त्यात नसतात. शिष्यवृत्ती परीक्षेचे निकाल कुठे जपले असतील तर थोडा उपयोग, पण तिला बसवायचो ती निवडक पोरं.

मुख्य अडचण वेगळीच आहे. वयाचा अभ्यास करायचा तर वय खरं हवं. आमच्या रजिस्टरात निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून! पोरगं बापाचं बोट धरून यायचं, जन्म कधीचा विचारलं तर “पाऊस लागला होता,” एवढंच. मग गुरुजी डोक्यावरून उलटा हात कानाला लावून बघायचे, कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी, आणि तारीख १ जून. माझीही तीच आहे.

---

वाखूसम्राट

स्कॉटलंडने १ जूनला परीक्षा घेतली, आपण १ जूनला जन्मच घेतला. विषय संपला.

---

पाणंद

मास्तर, त्यावर तोडगा असतो. आम्ही फिरायचो तेव्हा घटनांची यादी सोबत असायची. पानशेत फुटलं जुलै १९६१, कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७, मोठा दुष्काळ १९७२, किल्लारी सप्टेंबर १९९३. शिवाय गावच्या वेगळ्या खुणा: वीज कधी आली, पूल कधी झाला, कुठला सरपंच होता. बाईला वय विचारलं तर ती म्हणायची, “लिहा साठ.” कोयनेच्या भूकंपाच्या वेळी चालत होतीस का विचारलं की म्हणायची, “नाही, आईनं पाळण्यातनं उचलून अंगणात नेलं म्हणतात.” झालं, वर्षभराच्या आत वय हाती लागतं. दाखल्यावरच्या तारखेपेक्षा मी त्यावर जास्त विसंबते.

तुमच्या १ जूनवाल्या पोरांची खरी वयं काढायची असतील तर रजिस्टराचे फोटो काढून ठेवा, आणि गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या अजून असतील तर त्यांच्यासमोर यादी वाचा. कोण कुणाच्या पाठचं, ते त्या सांगतात. मात्र हे याच उन्हाळ्यात करा.

---

रिटायर्ड_हेडमास्तर

दोघी आहेत. एक माझी चुलती. परवा गावी जातोय, तेव्हा रजिस्टर बघायला मिळतं का विचारतो. सावनीताई, तुमच्या कॉलेजची चार पोरं मिळतील का सोबत?

---

सावनी_के

मिळतील. पियाजे मागाहून शिकवते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.